तहान, पाणी आणि निवासी शाळा

साताऱ्याच्या शाळेत शिकणाऱ्या लहानग्या भीमरावांना तहान लागली तरी नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळे. शिपाई नसला तर तहानलेलेच राहावे लागे. ही आठवण बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये स्वतः लिहून ठेवली आहे. पुढे 20 मार्च 1927 रोजी त्यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने प्राशन केले. तो संग्राम समतेचा होता, हे आपण जाणतोच. आज आपल्या मुलांच्या शाळेत नळ आहे आणि त्याला हात लावण्यास कोणाची आडकाठी नाही. तरीही अनेक मुले दिवसभर पुरेसे पाणी पीत नाहीत. शिक्षक म्हणून मला ही गोष्ट अस्वस्थ करते.

प्रौढ माणसाच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग पाण्याचा असतो. रक्त प्रवाही ठेवणे, घामावाटे शरीर थंड राखणे, मूत्रपिंडांवाटे टाकाऊ द्रव्ये बाहेर टाकणे ही सर्व कामे पाण्यावर चालतात. पाणी कमी पडले की डोके दुखते, तोंड कोरडे पडते, थकवा येतो, अभ्यासात लक्ष लागत नाही. दुपारच्या तासाला पेंगणारा विद्यार्थी प्रत्येक वेळी आळशीच असतो असे नाही. कधी कधी तो केवळ तहानलेला असतो.

आपल्या वाशिम जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. अशा दिवसांत तहान लागण्याची वाट पाहू नये. वृद्धांना तर तहानेची जाणीवच कमी होते. त्यांना घरच्यांनी आठवणीने पाणी द्यावे. शेतात राबणाऱ्या पालकांनी थोड्या थोड्या वेळाने पाणी प्यावे. सोबत ताक किंवा मीठ घातलेले लिंबूपाणी घ्यावे, कारण घामावाटे क्षारही जातात. पाणी पुरेसे होते की नाही, हे लघवीच्या रंगावरून कळते. फिकट पिवळा रंग ठीक; गडद पिवळा असल्यास पाणी वाढवावे. हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाणच पाळावे.

जुलाब झाल्यास एक लिटर उकळून थंड केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून ते घोट-घोट पाजावे. 1971 साली बांगलादेशच्या निर्वासितांत पटकीची साथ पसरली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगाव येथे मीठ-साखरेच्या अशाच साध्या द्रावणाने असंख्य प्राण वाचवले.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे. शौचालय दूर आहे, अस्वच्छ आहे किंवा रात्री तेथे अंधार असतो, म्हणून अनेक मुली जाणूनबुजून पाणी टाळतात आणि लघवी दाबून ठेवतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग व बद्धकोष्ठता उद्भवते. अशा ठिकाणी ‘पाणी प्या’ हा उपदेश व्यर्थ ठरतो. आधी शौचालयाला कडी, दिवा व पाणी हवे. केरळमधील शाळांनी 2019 मध्ये पाणी पिण्यासाठी स्वतंत्र घंटा सुरू केली. प्रत्येक निवासी शाळेला हे विनाखर्च करता येण्याजोगे आहे.

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर व भिक्षापात्राबरोबर पाणी गाळण्याचे वस्त्रही असते. पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी, हा त्यामागचा हेतू. परंतु गाळल्याने रोगजंतू जात नाहीत, हे आज आपल्याला ठाऊक आहे; म्हणून शंका असल्यास पाणी उकळूनच प्यावे.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. शाळेच्या भेटीस याल तेव्हा वर्गखोल्यांबरोबर पाण्याची टाकी आणि मुलींचे शौचालयही अवश्य पाहा. ज्या पाण्यासाठी आपल्या पूर्वजांनी लाठ्या झेलल्या, ते आपल्या लेकरांना निःसंकोच आणि पोटभर पिता यावे, एवढीच अपेक्षा.