शिक्षा ठोठावतात कोणाला आणि सोसतो कोण?

फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवरची २० डिसेंबर २०१५ ची रात्र आपल्यापैकी अनेकांना आजही आठवत असेल. इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना होता. ८७ व्या मिनिटाला एफसी गोवा २-१ असा पुढे गेला आणि चषक गोव्यातच राहणार, असे सर्वांनी धरून चालले. पुढच्या काही मिनिटांत आपल्याच गोलरक्षकाकडून स्वयंगोल झाला, त्यापाठोपाठ चेन्नईयिनचा तिसरा गोल झाला आणि सामना ३-२ असा हातातून निसटला. मग मैदानात बाचाबाची झाली. गोव्याच्या संघाने बक्षीस समारंभाकडे पाठ फिरवली. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले.

२०१६ मध्ये लीगच्या नियामक आयोगाने निकाल दिला. क्लबला दहा कोटी रुपयांहून अधिक दंड, दोन सहमालकांवर बंदी आणि पुढच्या हंगामात १५ गुणांची कपात. त्या वेळी प्रत्येक संघाला साखळीत १४ सामने मिळत. २०१५ मध्ये साखळीत पहिला आलेल्या गोव्याचे सगळे मिळून गुण होते २५. म्हणजे पहिल्या क्रमांकाच्या कमाईतला निम्म्याहून मोठा भाग हंगाम सुरू होण्याआधीच वजा. पुढे अपिलात गुणकपात रद्द झाली आणि दंडही कमी झाला. २०१६ च्या साखळीत गोव्याने १४ गुण मिळवले. कपात कायम राहिली असती, तर संघ उणे एक गुणावर थांबला असता.

त्या काळात चहाच्या टपरीपासून आपल्या सभागृहापर्यंत एकच वाद ऐकू येई : शिस्त हवी, हे मान्य, पण ज्या खेळाडूने काहीच केले नाही, जो प्रेक्षक तिकीट काढून आला, त्याने का भोगायचे? व्यावसायिक फुटबॉलमधल्या शिक्षा न्याय्य असतात का, या प्रश्नाचे मूळ इथेच आहे. म्हणून या शिक्षांची रचना नीट समजून घेऊ.

मैदानावरची शिक्षा

पहिला थर रेफ्रीच्या हातातला. फाऊल झाला की फ्री किक, पेनल्टी क्षेत्रात झाला की पेनल्टी. ही खरे तर शिक्षा नव्हे, भरपाई आहे : ज्याचे नुकसान झाले, त्याला संधी परत देणे. त्यावर पिवळे किंवा लाल कार्ड, ही दोषी खेळाडूला शिक्षा. लाल कार्ड मिळालेला खेळाडू बाहेर जातो, त्याच्या जागी दुसरा येत नाही आणि पुढच्या सामन्यालाही तो मुकतो.

भरपाई पुरेशी नसेल तर काय होते, हे २ जुलै २०१० ला जोहान्सबर्गमध्ये जगाने पाहिले. विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत उरुग्वे आणि घाना १-१ बरोबरीत होते. जादा वेळेच्या अगदी शेवटच्या क्षणी गोलात जाणारा चेंडू उरुग्वेच्या लुईस सुआरेझने हाताने अडवला. त्याला लाल कार्ड आणि घानाला पेनल्टी मिळाली. असामोआ ग्यानचा फटका आडव्या खांबाला लागून वर गेला आणि पेनल्टी शूटआऊटमध्ये उरुग्वे ४-२ ने जिंकला. नियमाची अंमलबजावणी तंतोतंत झाली, तरी नियम मोडणाऱ्याचाच फायदा झाला. रग्बीत असे घडले, तर पंच गुण थेट बहाल करू शकतात. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही.

याउलट, शिक्षा जास्त होत असल्याची तक्रारही बरीच वर्षे होती. निश्चित गोलाची संधी पेनल्टी क्षेत्रात फाऊल करून हिरावली, तर पेनल्टी, लाल कार्ड आणि पुढच्या सामन्याची बंदी अशा तीन शिक्षा एका चुकीला मिळत. २०१६ मध्ये नियम बदलला. आता बचावपटूचा प्रयत्न प्रामाणिकपणे चेंडू मिळवण्याचा असेल, तर पेनल्टीबरोबर पिवळेच कार्ड मिळते. मुद्दाम ओढणे, ढकलणे किंवा हाताने गोल अडवणे याला मात्र लाल कार्ड कायम आहे. हेतू आणि चूक यांत फरक करणे ही न्यायाची पहिली खूण, ती इथे दिसते.

मैदानाबाहेरची शिक्षा

दुसरा थर शिस्तपालन समित्यांचा. तिथे खेळाडूंवर सामनाबंदी, क्लबना दंड, रिकाम्या स्टेडियममध्ये सामने, गुणकपात आणि शेवटी खालच्या श्रेणीत पाठवणी अशी चढती भांजणी असते. निर्णय मान्य नसेल तर अपील करता येते आणि आंतरराष्ट्रीय वाद स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या क्रीडा लवादापर्यंत जातात.

अडचण सुरू होते ती क्लबला शिक्षा देताना. क्लब म्हणजे नेमके कोण? मालक, व्यवस्थापक, खेळाडू की गॅलरीतले पाठीराखे? २००६ मध्ये इटलीत सामन्यांसाठी पंचांच्या नेमणुकीत हस्तक्षेप केल्याचे प्रकरण उघड झाले. दोष प्रामुख्याने क्लबांच्या पदाधिकाऱ्यांवर आला. युव्हेंटसची विजेतेपदे काढून घेतली गेली आणि संघाला दुसऱ्या श्रेणीत टाकण्यात आले. सुरुवातीला ३० गुणांची कपात होती, ती अपिलांनंतर ९ वर आली. त्याच उन्हाळ्यात विश्वचषक जिंकलेले बुफॉन आणि डेल पिएरो दुसऱ्या श्रेणीत खेळायला संघासोबत राहिले. इतर काही मोठे खेळाडू सरळ दुसऱ्या क्लबांकडे गेले. शिक्षा भोगली ती मागे राहिलेल्यांनी.

मग फक्त पैशांचा दंड का करू नये? याचे उत्तर इंग्लंडमधल्या एव्हर्टनच्या खटल्यात सापडते. तिथल्या त्या वेळच्या नियमानुसार तीन वर्षांत १०.५ कोटी पौंडांपर्यंतच तोटा चालत असे. एव्हर्टनचा तोटा त्याहून १.९५ कोटींनी जास्त निघाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतंत्र आयोगाने १० गुण कापले, ही त्या लीगमधली तोवरची सर्वांत मोठी गुणकपात. श्रीमंत मालकाच्या क्लबला नुसता दंड म्हणजे शिक्षाच नव्हे, हा आयोगाचा मुद्दा होता आणि तो पटण्यासारखा आहे. नियम मोडून मिळवलेला लाभ मैदानावरचा असेल, तर परतफेडही मैदानावरच व्हायला हवी. फेब्रुवारी २०२४ मध्ये अपिलात ही कपात ६ गुणांवर आली. नॉटिंगहॅम फॉरेस्टला पुढच्याच महिन्यात ४ गुणांची कपात झाली. किती तोट्याला किती गुण, याचे पक्के कोष्टक आधी कुठे लिहिलेलेच नव्हते. प्रत्येक आयोग नव्याने तराजू हातात घेत होता.

मोठ्यांना एक न्याय आणि लहानांना दुसरा, ही तक्रारही जुनीच. २०२० मध्ये युएफाने मँचेस्टर सिटीवर युरोपीय स्पर्धांत दोन हंगामांची बंदी घातली. क्रीडा लवादाने ती उठवली, कारण काही आरोप सिद्ध झाले नाहीत आणि काही मुदतीबाहेर गेले होते. चौकशीत सहकार्य न केल्याबद्दलचा दंड ३ कोटी युरोंवरून १ कोटीवर आला. कायद्याच्या दृष्टीने निकालात काही वावगे नसेलही. पण नामवंत वकील लावून वर्षानुवर्षे लढणे ज्याला परवडते आणि ज्याला परवडत नाही, त्या दोन क्लबांना एकच नियम सारखा लागत नाही, हे सामान्य प्रेक्षकाला दिसतेच.

आपल्याकडचे अनुभव

भारतात हे प्रश्न वेगळ्या रूपात येतात. ९ डिसेंबर २०१२ ला कोलकात्यात ईस्ट बंगालविरुद्धच्या सामन्यात मोहन बागानचा संघ मध्यंतरानंतर मैदानात उतरलाच नाही. त्यांच्या एका खेळाडूला गॅलरीतून आलेली वस्तू लागली होती. आधी आय-लीगमधून बंदी झाली, महिनाभरात ती मागे घेऊन २ कोटींचा दंड आणि तोवरचे गुण शून्य अशी शिक्षा ठरली. मार्च २०२३ मध्ये बंगळुरूत सुनील छेत्रीच्या झटपट फ्री किकवरचा गोल मान्य झाल्यामुळे केरळ ब्लास्टर्स सामना सोडून गेले. तेव्हा ४ कोटींचा दंड आणि प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी आली. मैदान सोडणे हा एकच गुन्हा, पण शिक्षेची पद्धत वेगळी. परिस्थिती निराळी होती, हे खरे. पण हा फरक कशाच्या आधारे केला, हे लोकांना समजेल असे सांगितले गेले पाहिजे.

गोव्यातली एक लहान गोष्टही विसरू नये. २००४ मध्ये इथल्या दुसऱ्या विभागाच्या साखळीत गोलफरकावर वरच्या श्रेणीत जाण्यासाठी दोन संघांत चुरस होती आणि त्यांचे सामने ५५-१ आणि ६१-१ असे सुटले. गोवा फुटबॉल असोसिएशनने चारही क्लबांवर एक वर्षाची बंदी घातली. इथे कोणी फारशी हळहळ केली नाही, कारण गुन्हा आणि गुन्हेगार यांच्यातले अंतर कमी होते. जे मैदानात होते, त्यांनीच ते केले होते.

न्याय्य कशाला म्हणावे?

या सगळ्या उदाहरणांतून चार कसोट्या हाती लागतात. शिक्षेचे माप गुन्ह्याआधी लिहिलेले असावे. ती शक्यतो करणाऱ्यालाच लागावी : मालकाची चूक असेल तर आधी मालकावर बंदी, मग क्लबला झळ. तिने नियम मोडण्यातला फायदा पुसला जावा. आणि निकाल त्याच हंगामात, कारणांसह यावा. गुणकपात पूर्णपणे टाळता येणार नाही, कारण कधी कधी तोच एक दंड श्रीमंत क्लबला लागतो. पण ती शेवटचे हत्यार असावी, पहिले नव्हे. फातोर्ड्याच्या प्रकरणात अपिलाने नेमके हेच केले : दंड ठेवला, गुण परत दिले.

आपल्या घरातली मुले संध्याकाळी मैदानावर जातात. रेफ्रीवर ओरडणाऱ्या एका पालकामुळे अख्ख्या संघाला बाहेर काढले, तर त्या मुलांना आपण काय सांगणार? आणि त्या पालकाला कोणी काहीच बोलले नाही, तर दुसऱ्या संघातल्या मुलांना काय सांगणार? मोठ्या लीगमधल्या आयोगांपुढचा प्रश्न याहून फार वेगळा नाही. पुढच्या वेळी एखाद्या क्लबचे गुण कापल्याची बातमी आली, की आपल्या आवडत्या संघाचे नाव क्षणभर बाजूला ठेवून या चार कसोट्या लावून पाहाव्यात. वाद मग होईलच, पण तो मुद्द्याला धरून होईल.