वॉशिंग मशीनच्या पोटात काँक्रीट कशाला?

आजचा प्रश्न साधा आहे. फ्रंट-लोड वॉशिंग मशीन उचलायला दोन-दोन माणसं का लागतात? मोटार जड असते म्हणून? छे! खरं कारण म्हणजे, बऱ्याच मशीनमध्ये चक्क वीस-पंचवीस किलो काँक्रीट असतं.

ते कशाला? स्पिनच्या वेळी ड्रम मिनिटाला हजारेक फेरे मारतो. ओली जीन्स एका बाजूला गोळा झाली, की सगळं मशीन हादरतं, जागचं सरकतं. ते आवरायला हे वजन.

पण गंमत बघा. हे वजन लागतं फक्त मशीन चालू असताना. तरी कारखान्यापासून तुमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत ते वाहायचं. ट्रकला डिझेल जास्त आणि जिना चढणाऱ्याच्या पाठीचे हाल.

२०१७ मध्ये इंग्लंडच्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात एक सोपा उपाय करून बघितला. काँक्रीटऐवजी प्लास्टिकची पोकळ टाकी बसवायची आणि मशीन घरी पोचल्यावर ती पाण्याने भरून बंद करायची. नेताना मशीन जवळजवळ एक तृतीयांशाने हलकं!

अडचण एकच. काँक्रीट पाण्याच्या दुपटीहून जास्त जड असतं. म्हणजे तेवढ्याच वजनाला टाकी मोठी हवी, आतली रिकामी जागा शोधायला हवी.

आणि हो, यातून वाहतुकीचं इंधन वाचतं, धुण्याची वीज नाही. ती मुख्यतः पाणी तापवण्यात जाते. म्हणून रोजच्या कपड्यांना थंड पाण्याचा प्रोग्राम लावा. त्यासाठी नवीन मशीन घ्यायची गरज नाही!

भेटूया पुढच्या भागात.