शालेय स्तरावरील धर्माधारित छळवणूक : तक्रार नोंद आणि हाताळणी

प्रस्तावना :

खडकी हा परिसर लष्करी छावणी आणि दारूगोळा कारखाना यांच्या आधाराने वाढलेला आहे. नोकरीच्या निमित्ताने विविध प्रांतांतील व धर्मांतील कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी नांदत आली आहेत. त्यांची मुले एकाच बाकावर बसतात. हे सहजीवन ही या परिसराची मिळकत असली, तरी ते आपोआप टिकते असे मानणे धाडसाचे ठरेल. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने प्रस्तुत लेखिकेस सांगितले की, शाळेत डब्यातील पदार्थावरून तिला धर्माच्या नावाने हाक मारली जाई. पुढे ती दोन वर्षे मधल्या सुटीत वर्गाबाहेर एकटीच जेवत असे. "तक्रार केली नाहीस का?" या प्रश्नाला तिचे उत्तर होते, "केली होती. बाईंनी माझा बाक बदलला." तक्रार ऐकली गेली, परंतु तिची नोंद झाली नाही आणि झळ सोसावी लागली ती तक्रार करणारीलाच. प्रस्तुत लेखात अशा प्रसंगी उपलब्ध असलेले कायदेशीर मार्ग आणि शाळेने करावयाची कार्यवाही यांचा आढावा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

संकल्पना :

मुलांमधील प्रत्येक भांडण म्हणजे छळवणूक नव्हे. एखाद्या विद्यार्थ्याचा धर्म, पोशाख, नाव, आहार किंवा उपासना यांवरून त्याला वारंवार चिडविणे, धमकाविणे, खेळातून वगळणे अथवा त्याच्या मनाविरुद्ध काही म्हणावयास वा करावयास लावणे, यास धर्माधारित छळवणूक म्हणता येईल. ती विद्यार्थ्यांकडून होते, तशीच शिक्षकाच्या एखाद्या शेऱ्यातूनही होते. दुसऱ्या प्रकाराचा परिणाम अधिक खोल असतो, कारण त्यामुळे संपूर्ण वर्गाला मूक परवानगी मिळते.

न्यायालयीन दृष्टिकोन :

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २८ (३) नुसार राज्याने मान्यता दिलेल्या किंवा राज्याच्या निधीतून साहाय्य मिळणाऱ्या शैक्षणिक संस्थेत कोणासही संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घेण्यास अथवा उपासनेस उपस्थित राहण्यास भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असल्यास पालकाची संमती लागते. नाशिक येथील एका शिक्षकाने प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिल्याचे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा २०१३ मध्ये न्या. अभय ओक व न्या. रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने अशी सक्ती मूलभूत हक्काचा भंग करणारी असल्याचे स्पष्ट केले. प्रौढ शिक्षकास जे संरक्षण मिळते, ते बालकास नाकारण्याचे कारण नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यात शिक्षिकेच्या सांगण्यावरून वर्गमित्रांनी एका मुस्लिम बालकास थपडा मारल्याची घटना उघडकीस आली. तुषार गांधी यांच्या याचिकेवर न्या. ओक व न्या. पंकज मिथल यांच्या खंडपीठाने, शिक्षण हक्क कायद्याच्या पालनात राज्य प्रथमदर्शनी अपयशी ठरल्याचे नमूद केले. पीडित बालकाबरोबरच मारावयास लावलेल्या मुलांचेही समुपदेशन करण्याचे निर्देश न्यायालयाने दिले आणि त्याची पद्धत सुचविण्याचे काम मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडे सोपविले. छळ करणारे मूलही मूलच असते, हे तत्त्व येथे अधोरेखित झाले.

तक्रारीचे मार्ग :

१) मुख्याध्यापकांकडे लेखी तक्रार : महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंग प्रतिबंधक कायदा केवळ महाविद्यालयांसाठी आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुतः त्यातील शैक्षणिक संस्थेची व्याख्या व्यापक असून शिक्षण देणारी कोणतीही संस्था तीत येते. चिडविणे, शिवीगाळ, धमकी तसेच भीती वा लाज उत्पन्न करणारे वर्तन त्यात समाविष्ट आहे. विद्यार्थी, पालक किंवा शिक्षक यांपैकी कोणीही लेखी तक्रार करू शकतो. संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करणे बंधनकारक आहे. तक्रारीत तथ्य न आढळल्यास तसे तक्रारदारास लेखी कळवावे लागते. टाळाटाळ करणारा प्रमुख गुन्ह्यास साहाय्य करणारा मानला जातो. म्हणून तक्रारीची पोच घेणे अत्यावश्यक आहे.

२) स्थानिक प्राधिकरण : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई करते. कलम ३२ अन्वये तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करता येते व तिचा निर्णय तीन महिन्यांत अपेक्षित असतो. शाळेवर प्रशासकीय नियंत्रण असणारी संस्थाही या व्याख्येत येत असल्याने छावणी हद्दीत हे नियंत्रण नेमके कोणाचे, हे प्रथम पाहावे. निर्णयाविरुद्ध राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे दाद मागता येते. मात्र २०१४ च्या 'प्रमती' निकालाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू होत नाही असे ठरविले. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच पीठाने त्यावर शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाच्या विचारार्थ पाठविला.

३) तातडीची मदत : बालकाच्या सुरक्षिततेस धोका असल्यास १०९८ या क्रमांकावर संपर्क साधावा.

शाळेची कार्यवाही :

प्रथम, बालकाचे म्हणणे त्याच्याच शब्दांत, दिनांक, स्थळ व साक्षीदारांसह लिहून घ्यावे. दुसरे, पीडित व छळ करणारा यांना समोरासमोर बसवून 'समेट' घडवू नये. दुर्बल मूल तेथे गप्प बसते. तिसरे, बाक, वर्ग वा वेळ बदलावयाची असल्यास ती पीडित बालकाची बदलू नये. चौथे, छळ करणाऱ्याशी व त्याच्या पालकांशी स्वतंत्रपणे बोलावे. रॅगिंगविरोधी कायद्यात निलंबनाची तरतूद असली, तरी शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत शाळेतून काढून टाकण्यास प्रतिबंध करते. म्हणून मुख्य भर समुपदेशनावर असावा. पाचवे, काही आठवड्यांनी पीडित बालकास पुन्हा विचारावे आणि त्याचीही नोंद ठेवावी. छळ शिक्षकाकडून होत असल्यास मात्र समुपदेशन पुरेसे नाही. कलम १७ (२) नुसार शिस्तभंगाची कारवाई अपेक्षित आहे.

निष्कर्ष :

कायद्याची उणीव फारशी नाही. उणीव आहे ती लेखी नोंदीची. शाळेत न नोंदविलेले दुःख घेऊन विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात येतात आणि शेवटच्या बाकावर गप्प बसतात. आपणांपैकी अनेकजण शाळांच्या समित्यांवर पालक म्हणून असतात, तर काहीजण उद्याचे शिक्षक घडवितात. 'मुलांचे भांडण आहे, मिटेल' हे वाक्य उच्चारण्यापूर्वी एक कागद पुढे ओढणे, एवढे तर आपणांस निश्चितच करता येईल.