डिंक नैसर्गिक, तरी संस्कार हवेत

डिंक म्हटला की आठवतात ते बाळंतिणीचे लाडू. तुपात तळल्यावर फुलणारा हा डिंक बहुधा बाभूळ किंवा धावड्याचा असतो. पण झाडांचे डिंक औषधाच्या गोळ्या, कवळी घट्ट बसवणारी पावडर, शीतपेये आणि कापडावरची छपाई यांतही वापरले जातात. तेथे मात्र झाडावरून आलेला डिंक जसाच्या तसा नेहमी चालत नाही.

डिंक म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांबलचक, फांद्या फुटलेल्या साखळ्या. झाड आणि हंगाम बदलला की त्याचे गुणही बदलतात. शिवाय सोबत साल, माती आणि जंतू येतात. म्हणून तो आधी निवडून स्वच्छ करावा लागतो आणि काही वेळा त्याची रासायनिक घडणही थोडी बदलावी लागते.

कांडोळ हे याचे उत्तम उदाहरण. पांढऱ्याफटक खोडाच्या या झाडाचा डिंक बाजारात अनेकदा ‘गोंद कतिरा’ म्हणून मिळतो. तो पाण्यात खूप फुगतो, पण नीट विरघळत नाही. कारण त्याच्या साखळीवर ॲसिटिल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटलेले असतात. ते हळूहळू सुटतात, म्हणूनच जुन्या डिंकाला व्हिनेगरसारखा वास येतो. सौम्य अल्कली वापरून हे गट काढून टाकले की हाच डिंक पाण्यात विरघळू लागतो.

कधी याउलट नवा गट जोडला जातो. बाभळीच्या कुळातल्या झाडांपासून मिळणारा अरबी डिंक तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवतो. त्यावर तेलाशी जवळीक असलेला ऑक्टेनिल सक्सिनेट हा गट बसवला की ही ताकद वाढते. असा डिंक युरोपात ‘ई ४२३’ या क्रमांकाने खाद्यपदार्थांत वापरता येतो. काही डिंकांच्या साखळ्या एकमेकींना जोडून जाळे तयार केले जाते. त्यात अडकवलेले औषध शरीरात सावकाश बाहेर पडते.

धोका आहे तो या प्रक्रियेत वापरलेली रसायने मागे राहण्याचा. कार्बॉक्सिमिथिल गट जोडण्यासाठी लागणारे मोनोक्लोरोॲसेटिक ॲसिड विषारी आहे. साखळ्या जोडणारे ग्लुटाराल्डिहाइडही पेशींना इजा करते. त्यामुळे डिंक वारंवार धुणे, उरलेले रसायन मोजणे, शिसे, आर्सेनिक आणि जंतूंची चाचणी घेणे हे टप्पे टाळता येत नाहीत. कापडासाठी चालणारा डिंक म्हणूनच औषधात चालत नाही.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक आणि ‘रासायनिक’ म्हणजे घातक, ही विभागणी येथे टिकत नाही. अस्वच्छ नैसर्गिक डिंक अपाय करू शकतो आणि नीट तपासलेला सुधारित डिंक सुरक्षित असू शकतो. घरी वापरतानाही हे लक्षात ठेवावे. गोंद कतिरा कोरडा गिळू नये, कारण तो घशात किंवा अन्ननलिकेत फुगून अडकू शकतो. तो भरपूर पाण्यात पूर्ण भिजवूनच घ्यावा. गिळायला त्रास होत असेल किंवा आतड्यात अडथळ्याचा विकार असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. खाण्यासाठीचा डिंकही खाद्य दर्जाचाच घ्यावा.