मुक्त अभ्यासक्रम आणि सहाध्यायींची साथ

२००८ साली कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी एक अभ्यासक्रम इंटरनेटद्वारे सर्वांसाठी खुला केला. शुल्क भरणारे विद्यार्थी होते सुमारे २५. विनामूल्य सहभागी झालेले दोन हजारांहून अधिक. तेथे शिक्षकांचे विवेचन हा केवळ प्रारंभ होता. सहभागींनी टिपणे लिहावीत, परस्परांच्या मतांची चिकित्सा करावी आणि त्यातूनच ज्ञान घडावे, अशी त्यामागील धारणा होती.

२०११ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग असाच खुला झाला. सुमारे १,६०,००० जणांनी नावे नोंदविली. अभ्यासक्रम पूर्ण केला सुमारे २३,००० जणांनी. प्रवेश सुलभ झाला म्हणून चिकाटी आपोआप येत नाही, हे यावरून दिसून आले.

भारतात आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांचा 'एनपीटेल' हा उपक्रम 'स्वयम्' या शासकीय मंचावरून असे अभ्यासक्रम विनामूल्य देतो. प्रमाणपत्र हवे असल्यास मात्र शुल्क भरून केंद्रावर परीक्षा द्यावी लागते. दर आठवड्याला स्वाध्याय असतो, तर अनेक महाविद्यालयांत मार्गदर्शक शिक्षक विद्यार्थ्यांचा पाठपुरावा करतात.

असे शिक्षण आवर्ती ठेवीसारखेच होय. खाते उघडणे सोपे. हप्ता नियमित भरण्यातच खरी कसोटी. म्हणूनच नोकरी-व्यवसाय सांभाळून शिकणाऱ्याने दोन-तीन सहाध्यायी सोबत घ्यावेत. अडलेले त्यांना विचारावे आणि उमजलेले त्यांना समजावून सांगावे.