मध्येच विझणारी ठिणगी

गाडी अजिबात चालू होत नसेल, तर मिस्त्रीचे काम त्या मानाने सोपे. दोष जागेवर बसलेला असतो. शोधत गेले की सापडतो. पण दहा मैल सुरेख धावायचे, अकराव्या मैलाला दोन गचके द्यायचे आणि गॅरेजात नेल्यावर अगदी गुणी बाळासारखे वागायचे, अशी गाडी मालकाला रडवते. आज प्लग बदलले, उद्या कॉइल बदलली, परवा कार्ब्युरेटर खोलला. पैसे गेले, गचके तसेच! आणि दुसऱ्या गाडीला मागे टाकताना, समोरून ट्रक येत असता नेमका जोर गेला, तर मग प्रश्न पैशांचा राहत नाही.

उदाहरणासाठी एमजीबी ही इंग्लिश स्पोर्ट्‌स गाडी घेऊ. १९६२ ते १९८० या काळात ती इंग्लंडमधल्या ॲबिंग्डन येथे तयार होत असे, आणि हौशी मंडळी आजही ती जपून चालवतात. तुम्ही म्हणाल, ती आमच्या गावात कुठे आली? खरे आहे. पण तिचे इंजिन आणि आपल्या जुन्या पेट्रोल ॲम्बॅसडरचे इंजिन एकाच घराण्यातले, ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ‘बी’ मालिकेतले. तेव्हा तिचे दुखणे आपल्याकडच्या वयस्कर मिस्त्रीला परके नाही.

आता ठिणगी पडते कशी ते पाहा. बॅटरी बारा व्होल्टची. प्लगला तर हजारो व्होल्ट हवेत. पाइपातून पाणी जोरात वाहत असता व्हॉल्व्ह झटकन बंद केला, तर पाइपाला कसा दणका बसतो! कॉइलमध्ये विजेचे तसेच होते. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट मिटलेले असताना कॉइलमधून प्रवाह वाहतो; ते उघडले की प्रवाह एकदम तुटतो आणि कॉइलच्या दुसऱ्या, बारीक तारेच्या वेटोळ्यात मोठा दाब उठतो. रोटर तो पाळीपाळीने एकेका प्लगकडे पाठवतो. पॉइंटमधली फट किती? मिलिमीटरच्या दोनपंचमांशाहूनही थोडी कमीच. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर चार सिलिंडरना सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. यात कुठे एक तार क्षणभर सुटली की गचका बसलाच.

मी तर्कशास्त्र शिकवतो, म्हणून म्हणतो: एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन भाग एकदम बदलून गाडी सुधारली, तर दोषी कोण हे कधीच कळत नाही. आणि नवा भाग म्हणजे निर्दोष भाग, असंही धरून चालू नका. हल्ली मिळणारे काही नवे रोटर आणि कंडेन्सर जुन्यांपेक्षा लवकर दगा देतात.

पहिला साक्षीदार समोरच असतो: इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा. तो विजेवर चालणारा असेल, तर गचका बसताना त्याच्याकडे लक्ष ठेवा. शेजारी कुणाला बसवलेत तर उत्तम. गाडी गिअरमध्ये धावते आहे, म्हणजे इंजिन फिरते आहे, आणि तरीही काटा धाडकन शून्यावर पडला, तर खोट बारा व्होल्टच्या बाजूला: किल्लीचा स्विच, कॉइलपर्यंतची पांढरी तार, पॉइंट किंवा त्यांचे जोड. (काही वर्षांच्या गाड्यांत तो काटाच या वाटेवर जोडलेला असतो, त्यामुळे त्याचे जोडही तपासा.) काटा शांत राहिला, तर रोटर, टोपी, जाड तारा, प्लग, नाहीतर पेट्रोल यांच्याकडे वळावे.

मग एक लहान बारा व्होल्टचा दिवा घ्या. त्याचे एक टोक कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडच्या खुंटीला, दुसरे इंजिनाच्या उघड्या लोखंडाला. स्टार्टर फिरवला की दिवा लुकलुकला पाहिजे. सारखाच पेटून राहिला, तर पॉइंट टेकत नाहीत किंवा त्यांची तार तुटली आहे. पेटलाच नाही, तर कॉइलला वीज येत नाही, किंवा ती पॉइंटजवळ परस्पर लोखंडात उतरते आहे. मात्र ही परीक्षा गाडी बिघडलेली असतानाच घ्यायची; ताप उतरल्यावर थर्मामीटर लावून काय उपयोग?

पुष्कळदा चोर सापडतो तो डिस्ट्रिब्यूटरच्या पोटात. पॉइंट ज्या चकतीवर बसवलेले असतात, ती चकती इंजिनाच्या शोषणाने थोडी मागेपुढे फिरते. तिच्याबरोबर एक बोटभर लांबीची मऊ तार दर वेळी वाकते. वर्षानुवर्षे वाकून आतले तांब्याचे धागे तुटतात आणि वरचे आवरण मात्र अखंड! गॅरेजात मंद चालताना चकती जवळजवळ हलत नाही, तुटकी टोके टेकलेली राहतात. रस्त्यावर ती हलली की टोके सुटतात. ही तार हलकेच ओढून पाहा. रबरासारखी ताणली, तर आत तांबे शाबूत नाही. चकतीला लोखंडाशी जोडणारी दुसरी छोटी तारही अशीच पाहावी.

गाडी तापल्यावरच बंद पडत असेल आणि अर्ध्या तासाने आपोआप चालू होत असेल, तर कंडेन्सर आणि कॉइलवर संशय घ्या. रोटर आणि टोपी अंधारात तपासा. तडकलेल्या जागी निळी ठिणगी सरपटताना दिसते. पण जवळपास पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग नको, आणि चालू इंजिनावर जाड तारांना हात तर मुळीच लावू नका.

तार बदलली, पॉइंटची फट पुन्हा मोजली, की गाडी तोच रस्ता, तितकीच तापवून, दोन-तीनदा चालवा. आणि तोपर्यंत जुने भाग फेकू नका.