समुद्राची पाळी पाहून काढा कुलाब्याची सहल

शेतकरी कुटुंबाला सहल काढायची म्हणजे आधी दहा गोष्टींचा मेळ घालावा लागतो. गुरांची वैरण, दोन वेळची धार, पाटाच्या पाण्याची पाळी, मुलांची शाळा. एवढे सगळे जमवून घर सोडले, आणि समुद्रावर पोहोचल्यावर "आज किल्ल्यात जायला वाट नाही, पाणी भरले आहे" असे ऐकावे लागले, तर केवढी निराशा होईल! म्हणून कारेगाव, रांजणगाव, शिरूर या आपल्या भागातील कुटुंबांसाठी अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या सहलीचा हा आराखडा देत आहोत. त्यातली मुख्य गोष्ट एकच आहे. मुहूर्त आपल्या सवडीने धरायचा नाही, तो समुद्राला विचारून धरायचा.

बेट, पण पायवाटेचे

अलिबागच्या किनाऱ्यासमोर एक-दीड किलोमीटरवर खडकाच्या बेटावर कुलाबा उभा आहे. भरती असली की चारही बाजूंनी पाणी. ओहोटी लागली की वाळू आणि खडक उघडे पडतात आणि माणसे चालत किल्ल्यात जातात. घोडागाड्याही याच वाटेने जातात. सहा तासांपूर्वी जेथे होडी चालत होती तेथे घोड्याच्या टापा वाजतात, हे आपल्या मुलांनी एकदा तरी पाहावे असेच आहे.

सगळीकडे असे नसते. इटलीत नेपल्सजवळ काप्री नावाचे प्रसिद्ध बेट आहे. तिकडच्या भूमध्य समुद्रात पाण्याचा चढउतार फारच थोडा, त्यामुळे प्रवासी फक्त बोटीचे वेळापत्रक पाहतो. आपल्या कोकण किनाऱ्यावर मात्र उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून अधिक चढते आणि उतरते. येथले वेळापत्रक चंद्राच्या हाती आहे.

पंचांगावरून पाण्याची वेळ

कोकणातल्या दर्यावर्दी माणसांचा एक सोपा हिशोब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, म्हणजे त्या दिवशीच्या भरतीची साधारण वेळ निघते. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशोब तोच. पंचमी घ्या. पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. त्या दिवशी पहाटे आणि दुपारी पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण होते. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, म्हणजे सकाळी दहाच्या आसपास वाट मोकळी.

चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून पाण्याची वेळही रोज तितकी पुढे सरकते. हिशोबामागचे कारण एवढेच.

सहलीला चतुर्थी, पंचमी, षष्ठी या तिथी सोयीच्या. ओहोटी साधारण सव्वानऊ ते पावणेअकराच्या दरम्यान येते. सकाळी किल्ला पाहून दुपारी जेवून परतीला लागता येते. द्वादशीला ओहोटी दुपारी सव्वातीनच्या सुमारास येते. त्या दिवशी गेलात तर घरी पोहोचायला मध्यरात्र होईल. पौर्णिमा-अमावास्येला भरदुपारी उधाणाची भरती असते, तेव्हा पायी जाण्याचा विचारच नको. अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला येते खरी, पण ती भांगाची. पाणी पुरते मागे हटत नाही आणि वाटेत साचलेले राहू शकते.

हा हिशोब अंदाजाचा आहे. तिथीची क्षय-वृद्धी असते, वाराही पाणी पुढेमागे करतो. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक सहज पडतो. तेव्हा तिथीवरून दिवस ठरवावा, आणि नेमकी वेळ छापील भरती-ओहोटीच्या तक्त्यात किंवा मोबाइलवर पाहून घ्यावी. शेवटचा शब्द मात्र किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांचा आणि जीवरक्षकांचा. ते नको म्हणाले तर नको.

निघायचे केव्हा, फिरायचे केव्हा

कारेगावहून पुणे, लोणावळा, खोपोली, पेण, वडखळ, पोयनाड या मार्गाने अलिबाग दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर आहे. घाट आणि रहदारी धरून पाच-सहा तास लागतात. एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नये. आदल्या दिवशी सकाळची धार काढून निघावे. दोन-तीन घरे मिळून एक गाडी केली तर खर्च वाटला जातो. पुण्याहून एसटीही आहे. संध्याकाळी किनाऱ्यावर जाऊन वाट पाहून ठेवावी, ओहोटीची वेळ विचारावी, मुक्काम अलिबागेत करावा. गोठ्याची जबाबदारी शेजारच्या घरावर सोपवावी आणि पुढल्या खेपेला त्यांचा गोठा आपण सांभाळावा.

दुसऱ्या दिवशी पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी चालायला लागावे. किल्ल्यात तास-सव्वा तास मिळतो. पूर्ण ओहोटीची वेळ होताच परतीची तयारी करावी आणि त्यानंतर एका तासाच्या आत सर्वांचे पाय किनाऱ्याला लागलेले असावेत. येणारे पाणी सुरुवातीला सावकाश येते. त्यामुळे माणूस गाफील राहतो. दुसरा तास उलटल्यावर ते झपाट्याने चढते, आणि खोलगट जागा आधी भरत असल्याने पुढे वाळू दिसत असतानाच मागची वाट बुडते. भरतीत अडकलातच तर पाण्यात उतरू नये. किल्ल्यातच थांबावे, होडी मिळाली तर होडीने यावे, नाहीतर पुढच्या ओहोटीची वाट पाहावी.

म्हाताऱ्या माणसांना घोडागाडीने पाठवावे. लहान मुलाचा हात मोठ्याने धरावा. खडकावर शेवाळ असते, म्हणून घसरणारी चप्पल नको. भाकरी-चटणी आणि प्यायचे पाणी बरोबर असावे. पावसाळ्यात ही सहल काढूच नये. दिवाळीनंतर, किंवा ज्वारीची सुगी आटोपल्यावर ऊन तापण्याआधी जावे. किल्ल्याचा दरवाजा केव्हा उघडतो तेही आदल्या दिवशी विचारून ठेवावे.

किल्ल्यात काय पाहाल

छत्रपती शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये या किल्ल्याचे काम सुरू केले. त्याच वर्षी महाराजांचे निधन झाले आणि संभाजी महाराजांनी काम पूर्ण केले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे हे मोठे ठाणे झाले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, तरी त्यांना तो घेता आला नाही.

तटाचे दगड नीट पाहा. मोठमोठे चिरे चुन्याशिवाय एकावर एक रचले आहेत. लाट आदळते, पाणी फटींत शिरते आणि निघून जाते, त्यामुळे भिंतीवरचा मारा कमी होतो. आपण बांधावर दगडी ताल घालतो तेव्हा पाण्याला वाट ठेवतो, तेच हे शहाणपण. आत सिद्धिविनायकाचे मंदिर आहे, ते राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले. महागणपतीच्या रांजणगावशेजारच्या माणसांना तेथे परके वाटणार नाही. जवळच पुष्करणी आहे, आणि भर समुद्रात गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. अलिबाग गावात कान्होजींची समाधी आहे, तिचेही दर्शन घ्यावे.

जंजिरा त्याच दिवशी उरकू असे म्हणू नये. मुरूडजवळच्या राजपुरीहून तेथे होडीनेच जावे लागते आणि त्याला वेगळा दिवस हवा.

सुगीनंतर गेलात तर बाजारात अलिबागचा पांढरा कांदा माळांत गुंफलेला दिसेल. भात निघाल्यावर त्याच शेतात तो घेतात, आणि त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. आपणही कांदा पिकवणारे. विकणाऱ्या बाईंकडे बियाण्याची आणि माळा बांधण्याची चौकशी जरूर करावी.

पाटाची पाळी चुकली तर एक पीक जाते. समुद्राची पाळी चुकली तर जिवावर बेतते. तेव्हा कॅलेंडर काढा, येत्या महिन्यातली पंचमी शोधा, आणि शेजारच्या घरी गाडीची गोष्ट आजच काढा.